काबूलचे खलिते: अमानुल्लाविरुद्ध उठलेल्या टोळ्या आणि वकिलातींची नजर

खलितेवाचक (धागाकर्ता)

गेले वर्षभर, जमेल तशा संध्याकाळी, मी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर ब्रिटिश हिंदुस्थान सरकारच्या परराष्ट्र व राजकीय खात्याचे जुने कागद चाळत असतो. विषय एकच धरला आहे: १९१९ ते १९२९ या काळात अफगाणिस्तानच्या गादीवर असलेला अमानुल्ला खान आणि त्याच्याविरुद्ध उठलेल्या टोळ्या. ही हकिकत मराठीत सहसा एका दमात संपवली जाते. राजा पुढारलेला होता, राणीने बुरखा टाकला, मुल्ला बिथरले, अडाणी टोळ्या चालून आल्या आणि राजाला पळावे लागले. हे सगळे खोटे नाही. पण ते आपल्यापर्यंत आले कुठून याचा माग काढला, तर तो बहुतेक वेळा काबूलमधल्या परकीय वकिलातींच्या दारापाशी जाऊन थांबतो. आणि ज्या कागदांतून ते निघाले त्याच कागदांच्या पुढच्या पानांवर वेगळेच काही लिहिलेले सापडते.

आधी थोडी पार्श्वभूमी देतो. फेब्रुवारी १९१९ मध्ये अमीर हबीबुल्लाचा शिकारीच्या छावणीत खून झाला आणि त्याचा तिसरा मुलगा अमानुल्ला गादीवर आला. मे महिन्यात त्याने इंग्रजांशी युद्ध छेडले आणि ऑगस्टमध्ये रावळपिंडीचा तह झाला. त्या तहाने अफगाणिस्तानचे परराष्ट्र व्यवहार काबूलच्या हाती आले, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच तहाने आणखी एक गोष्ट झाली, तिची आठवण मात्र फारसे कोणी काढत नाही. अमीर अब्दुर रहमानला हिंदुस्थान सरकार १८८३ पासून वर्षाला १२ लाख रुपये देत असे. १८९३ मध्ये ड्युरंड रेषेच्या वेळी ही रक्कम १८ लाख झाली आणि पुढे हबीबुल्लालाही ती चालू राहिली. रावळपिंडीला हा तनखा बंद झाला. स्वातंत्र्य आले ते खजिन्याला भोक पाडून आले.

अमानुल्लाला तर याच वेळी शाळा, रस्ते, तारायंत्रे, विमाने, तुर्की आणि युरोपीय सल्लागार, शिवाय काबूलबाहेर दारुल अमान नावाची नवी राजधानी, असे सगळे एकदम हवे होते. पैसा उरला तो देशातच शोधायचा. म्हणून सारा धान्याऐवजी रोखीने घेतला जाऊ लागला, गुराढोरांवरचा कर कसून वसूल होऊ लागला आणि टोळ्यांच्या सरदारांना पिढ्यान्‌पिढ्या मिळणारे तनखे छाटले गेले. त्याहून झोंबली ती लष्करभरती. जुन्या ‘हश्त नफरी’ पद्धतीत आठ पुरुषांमागे एक शिपाई द्यावा लागे, पण तो कोणी जायचे हे टोळीतले वडीलधारे ठरवत. एखाद्या घरात कमावता एकटाच असला तर त्याला ते राखत, एखादा उनाड असला तर त्याला पुढे करत, आणि अशा निर्णयांमुळेच त्यांच्या शब्दाला वजन राही. अमानुल्लाने प्रत्येक पुरुषाला ‘तजकिरा’ म्हणजे ओळखपत्र घ्यायला लावले आणि चिठ्ठ्या टाकून शिपाई उचलायला सुरुवात केली. कागदावर ही पद्धत अधिक न्याय्य होती. टोळीला मात्र एवढेच दिसले की सरकार आता आपल्या घरातली डोकी मोजते आहे.

१९२४ मध्ये खोस्तच्या मंगल टोळीने बंड केले. पुढारी होता अब्दुल्ला नावाचा एक लंगडा मुल्ला, ‘मुल्ला-ए-लंग’. एका हातात कुराण आणि दुसऱ्या हातात सरकारचा नवा ‘निजामनामा’ म्हणजे कायद्यांचे पुस्तक धरून, यातले तुम्हाला काय मान्य, असे तो लोकांना विचारी, अशी त्याची गोष्ट सांगतात. बंड मोडायला सुमारे वर्ष गेले. त्या उन्हाळ्यात काबूलजवळच्या पघमानला लोया जिरगा म्हणजे देशभरच्या प्रतिनिधींची महासभा भरवून राजाला काही कायदे मागे घ्यावे लागले. पुढे मुल्लाला देहदंड झाला आणि काबूलमध्ये विजयाचा एक मनोरा उभा राहिला. त्याचे नाव ‘मिनार-ए-इल्म ओ जहल’, म्हणजे ज्ञानाचा आणि अज्ञानाचा मनोरा. यातले अज्ञान कोणाचे हे खोस्तमध्ये कोणाला समजावून सांगावे लागले नसेल.

डिसेंबर १९२७ मध्ये राजा मुंबईमार्गे युरोपच्या दौऱ्यावर निघाला आणि रोम, पॅरिस, बर्लिन, लंडन, मॉस्को, अंकारा, तेहरान असे करत जुलै १९२८ मध्ये परतला. त्यानंतर पघमानला पुन्हा जिरगा भरला. या वेळी लांब दाढीच्या, आयुष्यभर पगडी बांधलेल्या प्रतिनिधींना काळे कोट, पाटलोणी आणि हॅट घालून बसवण्यात आले. त्या वेळची छायाचित्रे पाहिली तर कोटाच्या बाह्या कोणाच्या बोटांवर आलेल्या, कोणाच्या मनगटाच्या वर राहिलेल्या दिसतात, आणि हॅट डोक्यावर ठेवावी की मांडीवर हे न उमगलेले चेहरे दिसतात. नोव्हेंबरात जलालाबादच्या बाजूला शिनवारी ही पठाणी टोळी उठली, तिने पेशावरचा रस्ता तोडला आणि जलालाबादचा राजवाडा व तिथली ब्रिटिश कॉन्सुलेट जाळली. राजाने फौज तिकडे पाठवली आणि राजधानी उघडी पडली. १४ डिसेंबरला उत्तरेकडून हबीबुल्ला कलकानी, ज्याला ‘बच्चा-ए-सक्का’ म्हणजे भिश्त्याचा पोर म्हणत, काबूलवर चालून आला.

ब्रिटिश वकिलात शहराबाहेर त्याच रस्त्यावर होती. बंडखोर आणि राजाची फौज यांच्या मधोमध ती सापडली. वकील सर फ्रान्सिस हम्फ्रिज हे पूर्वी सरहद्दीवर राजकीय अधिकारी म्हणून काम केलेले, पठाणांशी बोलायची सवय असलेले गृहस्थ होते. ते स्वतः फाटकाशी गेले, कलकानीच्या माणसांशी बोलले, इथे परक्या देशाचे पाहुणे राहतात असे त्यांनी सांगितले, आणि ती माणसे पुढे गेली. नंतर दोन्हीकडचे गोळे आवारात पडत राहिले ते राहिलेच. तारा तुटल्या होत्या, म्हणून वकिलातीच्या हिरवळीवर पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या अंथरून वरून उडणाऱ्या विमानांना निरोप दिले जात.

माझा मुद्दा या दृश्यातून निघतो. ज्या माणसाच्या अंगणात गोळे पडत आहेत त्याने पाठवलेल्या खलित्यात बंड म्हणजे दाढीवाल्यांची झुंड, हे वर येणारच, आणि लंडनच्या वर्तमानपत्रांनाही तेच हवे होते. पण सारा, भरती, तनखे, पगार, लाचखाऊ हाकीम म्हणजे स्थानिक अंमलदार यांची बारीकसारीक नोंद त्याच खलित्यांत, सहसा शेवटाकडे, आहे. मात्र ‘हा राजा एवढा कर का गोळा करतो आहे’ या प्रश्नाचे एक उत्तर खुद्द दिल्लीच्या जमाखर्चात होते, आणि मी वाचलेल्या कागदांत ते कोणी उच्चारलेले मला तरी आढळले नाही. जाणकारांनी भर घालावी आणि चुकत असेन तर खोडून काढावे.

पुणेरी वाकनीस

धागा आवडला. वकिलाच्या नजरेबद्दल पुण्याच्या बाजूने एक जोड देतो. काबूलच्या दरबाराशी इंग्रजांची पहिली वकिली १८०९ साली झाली. तेव्हा अफगाण राजा शाह शुजा पेशावरला होता आणि त्याच्याकडे गेलेला वकील होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. हाच माणूस १८११ पासून पुण्यात रेसिडेंट म्हणून बसला आणि पेशवाई बुडेपर्यंत शनिवारवाड्यातली बित्तंबातमी कलकत्त्याला कळवत राहिला. पठाणी टोळ्यांबद्दल त्याने सविस्तर लिहिले आहे आणि त्यात तो त्यांची तुलना स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या कुळांशी करतो. एका म्हाताऱ्या पठाणाचा जबाबही त्याने नोंदवला आहे: आम्हाला भांडणे चालतील, धास्ती चालेल, रक्तही चालेल, पण धनी चालणार नाही.

गंमत अशी की या एका जबाबावर पुढची शंभर वर्षे सरहद्दीवरचे अधिकारी पोसले गेले. टोळी म्हटली की स्वभावतःच बेबंद, हे गृहीत आधी आणि बंडाचे कारण शोधणे नंतर. त्यामुळे १९२८ साली शिनवारी उठले तेव्हा कारण विचारण्याची गरजच कोणाला भासली नसावी. ज्याने पेशवे दरबाराबद्दलची रेसिडेंटांची पत्रे वाचली असतील त्याला हा सूर ओळखीचा वाटेल. तपशील अचूक असतो, पण निष्कर्ष आधीच ठरलेला असतो.

जाईजुई

सर्वांनी कोट आणि हॅट यांवर लिहिले आहे, म्हणून बायकांविषयी मी लिहिते. सुरैया राणीचा उल्लेख वकिलातींच्या कागदांत आणि नंतरच्या लेखनात दोनच ठिकाणी ठळकपणे येतो: युरोपातली तिची उघड्या गळ्याची छायाचित्रे टोळ्यांत वाटली गेली हे एक, आणि १९२८ च्या शरदात राजाच्या भाषणाच्या वेळी तिने चेहऱ्यावरचा जाळीदार पडदा काढला हे दुसरे. १९२१ मध्ये काबूलला मुलींची शाळा निघाली, त्यानंतर बायकांसाठी ‘इर्शाद-ए-निस्वान’ हे साप्ताहिक निघाले आणि त्यामागे तिची आई अस्मा रस्मिया होती, १९२८ मध्ये काही मुली शिकायला तुर्कस्तानला पाठवल्या गेल्या, या गोष्टी तळटीपेत जातात.

खलितेवाचक यांच्या मुद्द्याला माझा अर्धा पाठिंबा आहे. सारा आणि भरती ही कारणे खरी असतील. पण जानेवारी १९२९ मध्ये राजाच्या गळ्याशी आले तेव्हा त्याने जाहीरनाम्यात सर्वांत आधी काय देऊ केले ते पाहावे. तुर्कस्तानातल्या मुली परत बोलावल्या, मुलींच्या शाळा बंद केल्या, शुक्रवारची सुटी परत आणली. खजिना आणि बंदूक सोडणे त्याला जड गेले. मुलींच्या शाळा सोडणे सोपे गेले. परकीय वकिलांनी या सवलतींची नोंद केली ती राजा किती खचला आहे याचे माप म्हणून. त्या मुलींचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्यांच्या कामाच्या कक्षेत बसत नव्हता.

रेशमी रुमाल

आपण सर्व जण फार सभ्यपणे लिहीत आहात. मला सरळ विचारायचे आहे की इंग्रजांचा हात होता की नव्हता? १९२४ साली खोस्तमध्ये बंड पेटल्यावर माजी अमीर याकूब खानचा मुलगा अब्दुल करीम हिंदुस्थानातून निसटून बंडखोरांना जाऊन मिळाला. तो सरकारी देखरेखीखाली असताना निसटला कसा? १९२८ मध्ये शिनवाऱ्यांच्या म्हणून ज्या मागण्या सांगितल्या जातात त्यांत, ब्रिटिशांची सोडून सर्व परकीय वकिलाती बंद करा, अशी एक मागणी येते. डोंगरातल्या शिनवाऱ्याला ब्रिटिश वकिलातीचा एवढा कळवळा कशासाठी? आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्याच वर्षी पहिल्या महायुद्धात तुर्कांविरुद्धच्या अरब बंडात गाजलेला ‘अरबस्तानचा लॉरेन्स’ वजिरीस्तानातल्या मिरानशाहच्या विमानतळावर शॉ या नावाने साधा हवाई शिपाई म्हणून राहत होता. लाहोरच्या आणि दिल्लीच्या वर्तमानपत्रांनी तेव्हाच हे प्रश्न विचारले होते, आणि त्यांना वेडे ठरवणे सोपे नाही.

खलितेवाचक (धागाकर्ता)

रेशमी रुमाल यांचा प्रश्न टाळण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

लॉरेन्सचे आधी. तो मिरानशाहला होता हे खरे, पण तो तिथे कारकुनी करत होता आणि फावल्या वेळात ग्रीक महाकाव्याचे इंग्रजी भाषांतर करत बसला होता. लंडनच्या एका वर्तमानपत्राने तो वेश पालटून अफगाणिस्तानात फिरतो आहे अशी कहाणी छापली आणि मग ती थांबेना. लाहोरात एका निरपराध फकिराला लॉरेन्स समजून लोकांनी बदडले. शेवटी काबूलहून हम्फ्रिज यांनीच तगादा लावला की हा माणूस सरहद्दीवर असणे म्हणजे आमच्या अडचणीत भर आहे, आणि जानेवारी १९२९ मध्ये त्याला मुंबईहून बोटीने विलायतेला रवाना केले गेले. ज्याचा हात असतो त्याला असे गडबडीने हलवत नाहीत, असे कोणी म्हणेल. ज्याचा हात असतो त्यालाच हलवतात, असेही कोणी म्हणेल. कागदांत मात्र हात दिसत नाही.

१९२४ बद्दल एवढे सांगतो की त्याच बंडात ब्रिटिशांनी अमानुल्लाला दोन विमाने पुरवली आणि ती खोस्तवर उडाली. अब्दुल करीम पळाला त्याची लाज दिल्लीला वाटली की आनंद झाला हे प्रत्येकाने ठरवावे, पण अमानुल्ला पडला तर उत्तरेकडून रशिया सरकेल ही दिल्लीची धास्ती खरी होती. १९२४ साली तरी तिला हा राजा टिकायला हवा होता.

१९२८–२९ मध्ये चित्र बदलले होते. पुढे केली ती तटस्थता. पण तटस्थतेचेही माप असते. राजाला मागूनही मदत न देणे, अमानुल्लाने गादी सोडल्यावर तीन दिवस राजा राहिलेला त्याचा भाऊ इनायतुल्ला याला ब्रिटिश विमानाने पेशावरला पोहोचवणे, आणि २५ फेब्रुवारीला वकिलातच बंद करून काबूल सोडणे, या तिन्ही गोष्टी तटस्थ होत्या, आणि तिन्हींचा परिणाम अमानुल्लाच्या विरुद्ध गेला. कंदाहारहून तो पुन्हा गादीचा दावा सांगत होता तेव्हा काबूलमध्ये त्याच्या बाजूने बोलायला ब्रिटिश वकीलच उरला नव्हता. कटाचा पुरावा शोधण्यापेक्षा हा परिणाम तपासणे मला अधिक फलदायी वाटते.

शिनवाऱ्यांच्या त्या मागणीविषयी माझी शंका वेगळी आहे. बंडखोरांच्या मागण्यांच्या याद्या तोंडातोंडी पेशावरला पोहोचत, तिथे लिहिल्या जात आणि मग पुढे जात. अशा यादीत एखादे कलम कोणाच्या सोयीने शिरले, हे टोळीला विचारून कळणार नव्हते. काबूलच्या वकिलातीत ‘ओरिएंटल सेक्रेटरी’ म्हणून शेख महबूब अली हे हिंदी अधिकारी होते. बाजारातली बातमी साहेबापर्यंत पोहोचण्याचा मोठा मार्ग तेच होते. ‘ब्रिटिश वकिलाची नजर’ असे आपण म्हणतो तेव्हा निम्मी नजर अशा माणसांची असते, याचा विसर पडू नये.

शेतसारा

मी महसूल खात्यातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे धागाकर्त्याचा सिद्धांत मला मनापासून पटायला हवा होता, पण एक हरकत आहे. काबूल घेतले कोणी? शिनवाऱ्यांनी नाही, मंगलांनी नाही. घेतले ते कलकानीने. तो काबूलच्या उत्तरेकडच्या कोहदामनचा ताजिक होता, एके काळी अमानुल्लाच्याच फौजेत शिपाई होता, आणि नंतर वाटमारी करू लागला. ती द्राक्षांच्या मळ्यांची, दाट वस्तीची मुलूखपट्टी आहे. तिला ‘टोळी’ कोणत्या अर्थाने म्हणायचे? तिथले लोक सारा भरणारे शेतकरी होते. म्हणजे मूळ शीर्षकातला ‘टोळ्या’ हा शब्दच वकिलातींकडून उसना आलेला नाही का? परकीय कागदांत जो राजाविरुद्ध उठला तो टोळीवाला आणि जो उठला नाही तो रयत, अशी विभागणी दिसते.

दुसरे असे की राजधानी पडली ती शिपायांचा पगार घटल्यामुळे. नव्या व्यवस्थेत शिपायाला अन्न-वस्त्र देऊन रोख पगार अगदी किरकोळ उरला होता. अर्धपोटी शिपाई थंडीत बर्फात उभा राहून कोणासाठी लढेल? नादिर खान युद्धमंत्री असताना फौजेची काटकसर नको म्हणून अडून बसला होता. त्याला १९२४ मध्ये पॅरिसला वकील म्हणून पाठवण्यात आले. तुर्कस्तानच्या मुस्तफा कमालनेही अमानुल्लाला आधी फौज, मग सुधारणा, असा सल्ला दिला होता असे सांगितले जाते.

खलितेवाचक (धागाकर्ता)

‘टोळ्या’ या शब्दाबद्दलची हरकत मान्य आहे. शीर्षक आता बदलता येत नाही, पण कलकानीला टोळीवाला म्हणणे चूकच. पगाराचा मुद्दा मात्र माझ्या बाजूचाच आहे, कारण शिपायाचा पगार कापावा लागला तो रिकाम्या खजिन्यामुळेच.

इस्फहानी

तुलनेसाठी शेजारचे उदाहरण देतो, कारण त्याच वर्षी इराणमध्ये जवळजवळ हेच घडले आणि शेवट उलटा झाला. रझा शाहने १९२५ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा आणला आणि डिसेंबर १९२८ मध्ये पुरुषांनी कोट व ‘पहलवी टोपी’ घालावी असा कायदा केला. शस्त्रे काढून घेणे आणि वसुली यांची त्यात भर पडली, आणि १९२९ मध्ये फार्स प्रांतात काश्काई व इतर टोळ्या उठल्या. भरती नको, पोशाखाची सक्ती नको, शस्त्रे काढून घेऊ नका, या त्यांच्या मागण्या वाचल्या तर प्रांताचे नाव बदलून त्या शिनवाऱ्यांच्या म्हणूनही चालतील.

पण तेहरानमधली ब्रिटिश वकिलात आणि शिराझमधला ब्रिटिश कॉन्सुल यांचे कागद काबूलच्या कागदांसारखे वाटत नाहीत. इथे राजा टिकणार आहे असे धरून चाललेले दिसते. कारण उघड आहे: खुझिस्तानात इंग्रजांचे तेल होते आणि ते सुरळीत वाहायला हवे होते. त्याच्या आधी, १९२४–२५ मध्ये, मोहम्मेराचा शेख खजअल हा इंग्रजांचा जुना दोस्त रझाच्या हाती जाऊ देण्यात आला होता. वर्षानुवर्षे दिलेल्या आश्वासनांची पत्रे त्याच्या पेटीत होती, ती पेटीतच राहिली. १९२९ च्या बंडात सरकारने आधी काश्काईंशी गोड बोलून, त्यांचा प्रमुख सौलत-उद-दौला याला कैदेतून सोडून, वेळ काढली. नंतर तोच पुन्हा कैदेत गेला आणि १९३३ मध्ये तुरुंगातच मेला. रझाकडे पगार वेळेवर घेणारी फौज होती, आणि सरकारच्या हाताशी तेलाचा पैसाही होता. शेतसारा यांनी मांडलेला मुद्दा इथे बरोबर उलटा करून पाहता येतो.

उत्तरायण

विमानांबद्दल थोडे. २३ डिसेंबर १९२८ ते २५ फेब्रुवारी १९२९ या काळात काबूलहून ५८६ माणसे हवाई मार्गाने बाहेर काढण्यात आली. इतक्या मोठ्या प्रमाणावर माणसे विमानाने हलवण्याचा हा पहिलाच प्रसंग मानला जातो. मोठी व्हिक्टोरिया विमाने इराकमधून बोलावली गेली आणि रिसालपूरहून, बर्फाच्या डोंगररांगा ओलांडून, काबूलजवळच्या शेरपूरच्या मैदानावर उतरवली गेली. पहिल्या दिवशी बायका-मुले दोन्ही फौजांच्या मधून पहाटे पायी चालत मैदानावर पोहोचली. काढलेल्या लोकांत ब्रिटिश आणि हिंदी होते, तसेच जर्मन, फ्रेंच, इटालियन, तुर्कही होते. सोव्हिएत वकिलातीचा प्रमुख स्टार्क मात्र काबूलमध्येच राहिला. त्यामुळे मार्चनंतर काबूलकडे पाहणारी मोठ्या सत्तेची नजर म्हणजे मुख्यतः मॉस्कोची होती.

ती नजरही दुभंगलेली होती. आगाबेकोव या नंतर पश्चिमेकडे पळालेल्या सोव्हिएत हेराने आपल्या आठवणींत लिहिले आहे की परराष्ट्र खाते अमानुल्लाच्या बाजूचे होते, तर हेरखात्यातल्या लोकांना भिश्त्याचा पोर म्हणजे शेतकऱ्यांतून वर आलेला माणूस वाटत होता. एप्रिल १९२९ मध्ये प्रिमाकोव या सेनानीच्या हाताखाली सोव्हिएत तुकडी अफगाणी पोशाखात आमू दर्या ओलांडून मझार-ए-शरीफपर्यंत आली. अमानुल्लाने देश सोडल्यावर तिला परत बोलावले गेले.

जाईजुई

उत्तरायण, एक विचारते. धर्माचा भाग आपण सर्वांनीच बाजूला सारला आहे असे वाटत नाही का? काबूलमधल्या शोरबाजारच्या हजरत म्हणवणाऱ्या धर्मगुरूंच्या घराण्याने १९२८ मध्ये सुधारणांविरुद्ध सुमारे ४०० मुल्लांच्या सह्या गोळा केल्या, त्यासाठी त्यांना अटक झाली, काझी अब्दुर रहमानला गोळ्या घातल्या गेल्या. हे सारे साऱ्यामुळे झाले असे कोणी म्हणणार नाही.

उत्तरायण

म्हणणार नाही, आणि माझे मत असे की अमानुल्लाचा शेवट सारा आणि धर्म यांच्या सांध्यावर झाला. एप्रिल १९२९ मध्ये तो कंदाहारहून गझनीपर्यंत आला. तिथे त्याला अडवले सुलेमान खेल या गिलझई टोळीने, आणि तिला उठवण्यात त्याच हजरत घराण्यातले नूर-उल-मशाइख पुढे होते. ते तोवर हिंदुस्थानात राहून आले होते. सुलेमान खेल ही फिरस्ती, व्यापारी टोळी होती. दर हिवाळ्यात उंटांवर माल लादून हिंदुस्थानात उतरायचे आणि वसंतात परत जायचे, हा तिचा क्रम होता. नाक्यावरचा कर, ओळखपत्र, सीमेवरची नोंद यांचा जाच सर्वांत जास्त अशाच लोकांना होतो, आणि हजरतांचे मुरीद म्हणजे शिष्यही सर्वांत जास्त याच लोकांत होते. कोणते कारण आधी आणि कोणते नंतर हे वेगळे काढता येईल असे मला वाटत नाही.

पुणेरी वाकनीस

नादिर खानने हे सगळे नीट पाहिले असावे. ऑक्टोबर १९२९ मध्ये त्याने काबूल घेतले ते सरहद्दीच्या अलीकडच्या, म्हणजे ब्रिटिश हद्दीतल्या वजिरी आणि महसूद लष्करांच्या जोरावर. त्यांना द्यायला पैसे नव्हते, म्हणून काबूलची लूट त्यांना मोकळी सोडली गेली. पुढे त्याने दक्षिणेकडच्या टोळ्यांना भरतीतून आणि करातून सूट दिली, हजरतांना मंत्रिपद दिले, मुलींच्या शाळा बंदच ठेवल्या. आणि खलितेवाचक यांच्या जमाखर्चात भर घालायची तर हिंदुस्थान सरकारकडून त्याला १०,००० रायफली आणि रोख मदत मिळाली. रावळपिंडीला बंद झालेली थैली वेगळ्या नावाने पुन्हा उघडली.

खलितेवाचक (धागाकर्ता)

वाकनीस यांनी माझ्या मनातले वाक्य माझ्या आधी लिहिले, त्याबद्दल आभार. मुंबईचा एक संदर्भ राहिला आहे तो नोंदवतो, कारण ते शहर या गोष्टीत पुन्हा पुन्हा येते.

नादिर खान फ्रान्सहून बोटीने आला तो २२ फेब्रुवारी १९२९ ला मुंबईत उतरला. त्याच महिन्याच्या सुरुवातीला मुंबईत मोठी दंगल होऊन गेली होती. संपावर गेलेल्या कामगारांच्या जागी पठाण लावले म्हणून राग होता, गिरण्यांच्या दारात पगाराच्या दिवशी दंडुका घेऊन उभा राहणारा पठाण सावकार सर्वांच्या डोळ्यांत सलत होता, आणि त्यात पठाण मुले पळवतात अशी अफवा उठली. दीडशेच्या आसपास माणसे मारली गेली आणि त्यांत पठाणही होते. नादिर उतरला तेव्हा त्याच्याच मुलखातली माणसे या शहरात कोणत्या नजरेने पाहिली जात होती, याचा उल्लेख त्याच्या आगमनाविषयीच्या ज्या कागदांपर्यंत मी पोहोचलो त्यांत नाही. दंगलीची फाइल गृहखात्याची, नादिरची परराष्ट्र खात्याची.

अमानुल्ला २३ मे १९२९ ला चमनजवळ सरहद्द ओलांडून रेल्वेने मुंबईला आला. सुरैयाचे दिवस भरत आले होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिला मुंबईतच मुलगी झाली आणि तिचे नाव हिंदिया ठेवले गेले. त्याच महिन्याच्या २२ तारखेला हे कुटुंब इटलीला जाणाऱ्या बोटीत बसले.